खंजिरी अभ्यासक्रमात का बसत नाही?

13 ऑक्टोबर 2016 रोजी बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि आमच्यासारख्या आडगावच्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्येसुद्धा एक जुनाच वाद नव्याने पेटला. गाणे हे साहित्य आहे काय? गिटार बाजूला ठेवून छापील पानावर वाचले तर त्या शब्दांत कविता उरते काय? मीही त्या वादात हिरिरीने बोललो होतो. होमर गात होता, आपले संत गात होते, मुद्रित पान ही कवितेच्या इतिहासातील अलीकडची गोष्ट आहे, वगैरे वगैरे. टाळ्याही मिळाल्या. आज ते आठवले की थोडी लाज वाटते. कारण नोबेलच्या घोषणेच्या दोनच दिवस आधी, 11 ऑक्टोबरला, आमच्या महाविद्यालयापासून फार दूर नसलेल्या मोझरीच्या एका गायकाच्या निधनाला अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि त्या संपूर्ण वादात आमच्यापैकी एकालाही (मला धरून) त्याचे नाव सुचले नाही. होमर सुचला, तुकडोजी सुचले नाहीत.

मी आष्टीचा. वर्धा जिल्ह्यातले हे गाव महाराष्ट्राला ठाऊक असलेच तर 16 ऑगस्ट 1942 मुळे ठाऊक असते. त्या दिवशी येथे पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसे पडली. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला आणि ‘चिमूर-आष्टी’ ही जोडी इतिहासाच्या पुस्तकांत कायमची नोंदली गेली. या उठावाची कारणे सांगताना इतिहासकार ‘छोडो भारत’चा ठराव सांगतात, स्थानिक कार्यकर्ते सांगतात आणि शेवटी एक वाक्य हमखास येते, की तुकडोजी महाराजांच्या भजनांनी जनता पेटली होती. बस, एवढेच एक वाक्य. सरकारने मात्र त्या वाक्याचे मोल पुरेपूर ओळखले होते. 28 ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना सुमारे शंभर दिवस ठेवण्यात आले. एका भजनगायकाच्या तोंडचे शब्द आणि हातातले वाद्य यांत काय सामर्थ्य आहे, हे इंग्रज पोलिसांना पंधरा दिवसांत समजले. मराठीच्या प्राध्यापकांना ऐंशी वर्षांत समजलेले नाही. या लेखाचे गाऱ्हाणे तेवढेच आहे, पण ते थोडे विस्ताराने मांडले पाहिजे.

तुकडोजी महाराज उपेक्षित आहेत असे म्हटल्यावर कोणीही हसेल, याची मला कल्पना आहे. ज्यांच्या नावाने 2005 पासून आमचे नागपूरचे विद्यापीठ ओळखले जाते, ज्यांच्यावर 1995 मध्ये टपाल तिकीट निघाले, ज्यांची तसबीर विदर्भातल्या ग्रामपंचायतींतून दिसते, ज्यांची प्रार्थना शाळांतून म्हटली जाते, ते उपेक्षित कसे? संत म्हणून, समाजसुधारक म्हणून, ग्रामोद्धाराचे प्रवक्ते म्हणून ते मुळीच उपेक्षित नाहीत. उपेक्षित आहे तो गायक-कवी. त्यांच्या नावाने विद्यापीठात स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यास चालतो, तो ‘विचारधारा’ या नावाखाली. विचारधारा! शब्द बघा. त्या माणसाने आयुष्यभर जे केले ते उभे राहून, हातात खंजिरी घेऊन, हजारोंच्या समोर गाणे. आणि आपण त्यातून गाणे वजा करून जे शिल्लक राहिले त्याला विचारधारा म्हणून शिकवतो. जी.ए. कुलकर्णींच्या कथेतून भाषा काढून टाकून त्यांची ‘नियतिविषयक विचारधारा’ शिकवली तर आपण त्या शिक्षकाला काय म्हणू?

थोडी चरित्राची उजळणी, कारण विदर्भाबाहेरच्या विद्यार्थ्यांना ती लागेल. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे 30 एप्रिल 1909 रोजी माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. वरखेडच्या अडकोजी महाराजांच्या सहवासात ‘तुकड्या’ हे नाव मिळाले आणि तेच पुढे भजनाच्या शेवटी नाममुद्रा म्हणून आले. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. 1936 मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते महिनाभर सेवाग्रामला राहिले. 1943 मध्ये श्रीगुरुदेव सेवा मंडळ स्थापन झाले. 1955 मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत त्यांनी भजन गायिले. ‘ग्रामगीता’ त्याच सुमारास सिद्ध झाली. 1968 मध्ये निधन. तपशील आणखी पुष्कळ आहेत, पण मला या लेखात चरित्र नको आहे. चरित्रेच फार झाली आहेत. भक्तांनी लिहिलेली, श्रद्धेने ओथंबलेली, आणि भजनांविषयी ‘अमृतवाणी’ या पलीकडे अक्षर न उच्चारणारी.

आता वाद्याकडे येऊ. खंजिरी हे काही भारदस्त वाद्य नव्हे. लाकडाचे हातभर रुंदीचेही नसलेले कडे, एका बाजूने ताणलेले कातडे, कड्याच्या खाचांतून बसवलेल्या पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी आणि पंजाने वाजवायची. वीणा गळ्यात अडकवावी लागते, मृदंगाला स्वतंत्र वादक लागतो, पेटीला बैठक लागते. खंजिरीला काहीच लागत नाही. चालता येते, वळता येते, समोरच्या माणसाकडे बोट रोखल्यासारखी ती रोखता येते. सुरांची साथ ती देत नाही; ती शब्दांना जागोजागी ठोके देते, खोडते, अधोरेखित करते. गाणारा आणि वाजवणारा एकच असल्यामुळे कोणत्या शब्दावर थाप पडायची याचा निर्णय कवी स्वतः, त्या क्षणी, समोरच्या गर्दीकडे पाहून घेतो. वारकरी भजनात टाळकरी आणि मृदंगी मिळून जो एक व्यापक प्रवाह निर्माण करतात त्याचे सौंदर्य निराळे. खंजिरी भजनात एक माणूस आणि एक जमाव यांच्यातला संवाद असतो, आणि तो बराचसा भांडणासारखा असतो. ज्यांना ही गोष्ट पटत नसेल त्यांनी महाराजांच्या मूळ आवाजातली जी मोजकी ध्वनिमुद्रणे आज इंटरनेटवर सापडतात ती ऐकावीत. आवाज शास्त्रीय बैठकीचा नाही, कमावलेला गोडवा त्यात नाही. तो मोकळ्या माळावर शेवटच्या रांगेपर्यंत जाण्यासाठी घडलेला आवाज आहे.

‘पण कागदावर काय उरते?’ हा प्रश्न मला एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ समीक्षकांनी विचारला होता. नाव सांगण्याचे कारण नाही. प्रश्न प्रामाणिक होता, जरी विचारताना चेहऱ्यावर मंद हास्य होते. ‘सर, भजन आहे ते. कविता कुठे आहे त्यात?’ त्या दिवशी मला उत्तर नीट देता आले नाही. आज देतो.

‘या झोपडीत माझ्या’ ही रचना घ्या. माझ्या पिढीतल्या अनेकांनी ती शाळेच्या पुस्तकात वाचली आहे, पाठ केली आहे आणि ‘साधे जीवन सुखी जीवन’ असा भावार्थ लिहून गुणही मिळवले आहेत. त्या भावार्थाने या रचनेचे फार नुकसान केले. जरा तिची मात्रा तपासा. गागाल गालगागा: प्रत्येक अर्धा चरण या एकाच साच्यात बसवलेला आहे. हे आपले आनंदकंद वृत्त. इक्बालांचे 1904 चे ‘सारे जहाँ से अच्छा’ याच लयीत चालते. म्हणजे यावलीच्या, फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या या माणसाने उर्दू-हिंदी गाण्यांतून कानावर पडलेली चाल उचलली आणि तिच्यात वऱ्हाडच्या झोपडीचे मराठी असे भरले की एकही अक्षर ओढाताण करून बसवल्याचे जाणवत नाही. रचनेचा बांधा पाहा: तीन अर्धचरण एका यमकाचे, चौथा ध्रुवपदाचा, पुन्हा तीन नव्या यमकाचे, पुन्हा तेच ध्रुवपद. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव. रदीफ आणि मक्ता या संज्ञा आपण सुरेश भटांच्या संदर्भात वर्गात शिकवतो, आणि योग्यच करतो. पण भट अमरावतीचे आणि यावलीही अमरावती जिल्ह्यातलीच. त्या मातीत कव्वाली, लावणी, भजन आणि मुशायरा यांची सरमिसळ किती खोलवर झाली होती याचा पुरावा म्हणून आपण ही रचना कधी वर्गात काढतो काय? तिला गझल म्हणावे असे मी म्हणत नाही. गझलेतल्या शेराचे स्वातंत्र्य तिच्यात नाही. पण रदीफाचे जे मानसशास्त्र आहे, की श्रोत्याला शेवट आधीच ठाऊक असतो आणि तो तेथवर कसा पोहोचणार एवढीच उत्सुकता असते, ते तिच्यात संपूर्ण आहे.

आणि ती ‘साध्या जीवना’ची कविताही नाही. नीट वाचली तर तिच्यात एक वाडा सतत उभा आहे. पहारे, तिजोऱ्या, मऊ बिछाने, दिव्यांचा थाट. झोपडीचे प्रत्येक सुख त्या वाड्यातल्या एकेका गोष्टीला मोडून काढत सांगितलेले आहे. त्यात एक शब्द येतो, ‘मज्जाव’. सबंध भजनाच्या घरगुती भाषेत हा कचेरीतला, देवडीवरचा शब्द एकदम कानाला टोचतो, आणि तो टोचावा म्हणूनच ठेवलेला आहे. वाड्याच्या दारावर जो शब्द ऐकू येतो तो वाड्याच्याच भाषेतला असणार. ज्या गावात देवळाच्या आणि देशमुखांच्या दारावर हा शब्द अर्ध्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला होता, त्या गावातल्या चौकात खंजिरीच्या थापेसह तो उच्चारला जात असेल तेव्हा काय होत असेल? हे कागदावरून कळत नाही हे मला मान्य आहे. पण कागदावर त्याची खूण स्पष्ट आहे, आणि खुणा वाचणे हाच आपला व्यवसाय आहे.

लयीची आणखी एक गंमत सांगतो. अर्धा चरण बारा मात्रांचा. आमच्याकडचे एक मंडळ ही रचना आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात गाते. मी मोजून पाहिले: बारा मात्रा शब्दांना, आणि शेवटचे दीर्घ अक्षर लांबवून वा सोडून देऊन उरलेल्या चार मात्रा मोकळ्या, म्हणजे दोन आवर्तने पूर्ण. त्या चार मोकळ्या मात्रांत खंजिरी बोलते. वाड्याचा उल्लेख आला की तेथे कडक थाप, झोपडीचे ध्रुवपद आले की चकत्यांची नुसती खुळखुळ. शब्द जेथे थांबतात तेथे वाद्याने अर्थ पुढे नेणे याला छापील संहितेत जागा नाही. म्हणून छापील संहिता ‘पातळ’ वाटते. ती अपुरी आहे, पातळ नव्हे.

आता सगळेच असे आहे काय? नाही. तीन हजारांहून अधिक भजने त्यांच्या नावावर सांगितली जातात. ‘अनुभवसागर भजनावली’, ‘लहर की बरखा’चे भाग, अशा संग्रहांतून फिरताना वाचक अनेकदा थकतो. स्वच्छता, व्यसनमुक्ती, सामुदायिक प्रार्थना, शेतकऱ्याने काय करावे, तरुणांनी काय करू नये. उपदेशाची पुनरावृत्ती आहे, घाईने जुळवलेली यमके आहेत, त्या त्या प्रसंगापुरती रचलेली आणि प्रसंगाबरोबर विझलेली पदे आहेत. स्पष्टच बोलायचे तर ‘ग्रामगीते’च्या 41 अध्यायांत आणि 4675 ओव्यांत मला कवी क्वचित भेटतो, भेटतो तो एक अत्यंत शहाणा, व्यवहारी, गावावर जीव असलेला वडीलधारा माणूस. त्या ग्रंथाचे महत्त्व मोठे आहे, पण ते काव्याचे नव्हे. आपली चूक अशी की जेथे कवी सर्वांत कमी आहे ते पुस्तक आपण पुढे केले आणि जेथे तो सर्वांत अधिक आहे ती भजने मंडळांवर सोडून दिली. तीन हजारांतून साक्षेपाने शंभर निवडणारा संपादक या माणसाला मिळालेला नाही. भक्त निवड करणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी सर्वच वाणी प्रसाद आहे. निवड करणे हे आपले काम होते.

ते आपण का केले नाही? एक उत्तर मला 1956 च्या नकाशात दिसते. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, नागपूर ही द्विभाषिक राज्याची राजधानी होती, आणि आमच्या भागातला माणूस बाजारात, कचेरीत, यात्रेत हिंदी-मराठी अशी मिश्र भाषा बोलत जगत होता. तुकडोजी महाराज दोन्ही भाषांत रचत आणि गात. 1942 चे जे भजन सर्वांत अधिक आठवले जाते, दगडधोंड्यांनाही लढाईत उतरवणारे, तेही हिंदीच. पुढे सीमा बदलल्या, आणि वाङ्मयाचे इतिहास सीमेप्रमाणे लिहिले गेले. मराठीच्या इतिहासकाराने ‘हे हिंदी’ म्हणून सोडले. हिंदीच्या इतिहासकाराला वऱ्हाडी वळणाची ती हिंदी आपली वाटण्याचे कारणच नव्हते. आणि गंमत अशी की नामदेवांची 61 पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत हे आपण प्रत्येक वर्गात छाती फुगवून सांगतो! चौदाव्या शतकातला मराठी माणूस हिंदीत गातो तेव्हा तो मराठीचा विस्तार. विसाव्या शतकातला गातो तेव्हा तो अभ्यासक्रमाबाहेर.

दुसरे असे की आपल्या अभ्यासपत्रिकांत संत ठरावीक काळापर्यंतच असतात. चक्रधर ते तुकाराम, रामदास, फार तर महिपती; नंतर पंडित, मग शाहीर, मग केशवसुत आणि ‘आधुनिक’. 1909 साली जन्मलेल्या संताला या रुळांवर स्थानकच नाही. तो मध्ययुगीन नाही आणि आधुनिकही मानला जात नाही. गाडगेबाबांचे नशीब या बाबतीत बरे. त्यांच्यावर प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिले, गो. नी. दांडेकरांनी लिहिले, 1977 मध्ये ‘देवकीनंदन गोपाला’त डॉ. श्रीराम लागूंनी त्यांना पडद्यावर उभे केले. म्हणजे पुण्यामुंबईच्या साहित्यव्यवहारातल्या समर्थ माणसांनी त्यांना हात दिला. बहिणाबाई चौधरींची गाणी तर संपूर्ण मौखिक. सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे 1952 मध्ये पुस्तक निघाले आणि आज त्यांच्यावाचून मराठी कवितेचा विचार करता येत नाही. तेव्हा मौखिकता हा अडथळा आहे असे कोणी सांगू नये. अडथळा हा, की दारात उभ्या असलेल्या माणसाला आत घेणारे कोणी आत असावे लागते. तुकडोजी महाराजांना सुदामदादा सावरकरांसारखे निष्ठावान लेखक लाभले, पण ते घरचे. परक्या घरात जाऊन भांडणारा वकील लाभला नाही. डाव्या विचारांच्या समीक्षकांनी अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांना वाजवी मान दिला. भगवी टोपी पाहून ते येथे थबकले. धार्मिक वाचकांना या भजनांतला देव पुरेसा देव्हाऱ्यातला वाटला नाही. दोन्हीकडून सुटलेला हा माणूस मग जयंतीच्या भाषणांपुरता उरला.

भक्तांविषयीही दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण दोष केवळ विद्यापीठीय मंडळींचा नाही. ‘या भजनाचे दुसरे कडवे फसले आहे’ असे वाक्य मी एकदा गावातल्या कार्यक्रमात उच्चारले, तर शेजारी बसलेल्या एका काकाजींनी माझा हात धरून मला खाली बसवले. रागाने नव्हे, माझ्या काळजीने! ज्याच्याविषयी फसले म्हणता येत नाही त्याच्याविषयी साधले म्हणण्यालाही काही किंमत राहत नाही, हे त्यांना कसे सांगावे? मोझरीला दरवर्षी पुण्यतिथीच्या सोहळ्यात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या क्षणी, लाखो माणसे मौन श्रद्धांजली वाहतात. मी त्या गर्दीत उभा राहिलो आहे आणि त्या शांततेने अंगावर काटा आलेला अनुभवला आहे. तरीही प्रत्येक वेळी एक अप्रस्तुत विचार मनात येतोच, की आयुष्यभर नाद केलेल्या माणसाची आठवण करायला आपल्याला शांतताच सुचावी!

परत डिलनकडे, पण त्यांच्या गुरूच्या वाटेने. अमेरिकेतला लोकगायक वूडी गथ्री 3 ऑक्टोबर 1967 रोजी वारला, म्हणजे आमच्या महाराजांच्या जेमतेम वर्षभर आधी. तोही एकट्याने गावोगाव फिरणारा, दुष्काळातल्या शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी गाणारा. आपल्या गिटारवर त्याने हे यंत्र फासिस्टांना मारते अशा अर्थाचे वाक्य लिहून ठेवले होते. त्याच्यामागे हजाराहून अधिक गाण्यांचे शब्द वह्यांत राहिले आणि चाली त्याच्याबरोबर गेल्या, कारण स्वरलेखन त्याने कधी केलेच नाही. पुढे त्याच्या मुलीने ते शब्द बिली ब्रॅग या ब्रिटिश गायकाकडे सोपवले. हा ब्रॅग म्हणजे 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात एकटी इलेक्ट्रिक गिटार घेऊन संपकऱ्यांसमोर गाणारा माणूस. नागपूरच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मित्राकडे त्याची एक कॅसेट होती, आणि तिचे शब्द निम्मे कळत नसूनही मला ती का कोण जाणे ओळखीची वाटायची. ब्रॅगने विल्को या अमेरिकी वाद्यवृंदाबरोबर त्या शब्दांना नव्या चाली लावल्या आणि 1998 मध्ये ‘मर्मेड अॅव्हेन्यू’ हा अल्बम निघाला. तो ऐकण्यासारखा आहे. पण तो ऐकताना हेही लक्षात राहते की या गथ्रीच्या चाली नव्हेत. त्या कोणाला ठाऊकच नाहीत.

आपली परिस्थिती अजून तेथवर आलेली नाही. महाराजांना प्रत्यक्ष ऐकलेली, त्यांच्याबरोबर साथीला बसलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत, पण आहेत. खंजिरी जिवंत आहे. सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून ती नव्या पिढीपुढे नेली, प्रबोधनाचे तिचे काम चालू ठेवले. गावोगावी खंजिरी भजन स्पर्धा होतात. मात्र त्या स्पर्धांतून जुन्या पदांना चित्रपटगीतांच्या चाली सर्रास लावल्या जातात, टाळ्या त्यालाच पडतात, आणि परीक्षकांत (मीही एकदा परीक्षक होतो) मूळ चाल ओळखणारा माणूस नसतो. शब्द पुस्तकांत सुरक्षित आहेत. चाल फक्त गळ्यांत आहे. एका गळ्याबरोबर किती चाली जातात याचा हिशेब ठेवणारा कोणी नाही, आणि हा हिशेब ठेवायला अनुदान, प्रकल्प, समिती यांपैकी कशाचीही गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रकार्याला श्रेयांक दिले आहेत. ते श्रेयांक आपण बहुतेक ठिकाणी ‘माझ्या गावाची माहिती’ असल्या वह्या भरून घेण्यात उधळतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बी.ए.च्या पाच विद्यार्थ्यांना घेऊन मी जवळच्या एका गावात गेलो. तेथले एक काकाजी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून महाराजांच्या भजनाला गेलेले, पुढे चाळीस वर्षे मंडळात गाणारे. कापूस वेचून आलेली माणसे ओट्यावर जमली. काकाजींनी आतून खंजिरी मागवली, कातडे सैल पडले होते म्हणून चुलीच्या आचेवर जरा धरले, बोटाने दोनदा टिचकी मारून पाहिली. मग गायला सुरुवात केली. आवाज चिरका झाला होता, पण पहिल्या कडव्यानंतर त्या मोकळ्या मात्रांत जी थाप पडली तिने माझे विद्यार्थी एकदम सरसावून बसले. दुसरे कडवेही नीट आले. तिसऱ्याला शब्द अडखळले; काकाजी थांबले, डोळे मिटून घेतले. शेजारी बसलेला त्यांचा नातू स्पर्धेत गाणारा. त्याला कडवे पाठ होते, त्याने मदत म्हणून चटकन उचलले, चांगले खणखणीत, एका चित्रपटगीताच्या चालीवर. काकाजींनी त्याला पूर्ण गाऊ दिले. मग खंजिरी मांडीवर पालथी ठेवली.

‘शब्द थेच हाये, बाबू,’ ते म्हणाले. ‘चाल थे नोहे.’

मी विचारले, ‘काकाजी, मूळ चाल पुन्हा एकदा गाता का? फोन चालूच आहे.’

त्यांनी ओठ हलवले, बोटांनी मांडीवर ठेका धरला, दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा नातवाच्याच चालीत गेले. ‘उद्या या,’ ते म्हणाले. ‘रातच्याले आठवते मले कधी कधी.’

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची परीक्षा होती. आम्ही आठ दिवसांनी गेलो. तोवर दोन चाली त्यांना आठवल्या होत्या. ती नव्हती.